विंगेत बसलेली आत्या

नाटकवाल्यांचे किस्से म्हणजे पापडाच्या डब्यातला चुरा. पापड कधीच खाऊन संपलेले असतात, पण डबा हलवला की तळाशी काहीतरी वाजतंच. परवा सोसायटीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं, "मंगलताई, तुम्ही लहानपणी नाटकात होतात ना?" झालं! वाण वाटायचं राहिलं बाजूला, मी आपली सुरू. शेवटी सूनबाई येऊन म्हणाली, "आई, आत्याबाईंचं तेवढं सांगा आणि सोडा सगळ्यांना, घरी स्वयंपाक आहेत." आता आत्याबाईंचं "तेवढं" म्हणजे केवढं, हे तिला काय माहीत!

तर ऐका. पन्नास सालानंतरची गोष्ट. घाटकोपरला चाळीतली एक खोली, तीत आम्ही सगळे. बाबा कुर्ल्याच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आई, मी, धाकटा भाऊ बाळ्या, आणि बाबांची बहीण गोदा आत्या. आत्या तरुणपणीच विधवा होऊन मालवणाहून भावाकडे आली ती कायमची. चौथी शिकलेली होती आणि जिभेला हाड नव्हतं. मी सोळा वर्षांची. अंगावर ठिगळाचं पोलकं, डोक्यात नाटक.

आमच्या समोरच्या बिल्डिंगीत सामंत मास्तर राहत. दिवसा शाळेत शिकवत, संध्याकाळी हौशी मंडळाची नाटकं बसवत. त्यांचं आणि माझं जुनं वैर होतं. बाळ्या रुळापलीकडच्या मैदानात खेळायला जाई आणि मी गॅलरीतून त्याला हाक मारी, "बाळ्याऽऽ, जेवायलाऽऽ!" मास्तरांनी बाबांकडे तक्रार केली होती, की तुमची मुलगी ओरडते तेव्हा दचकून माझ्या हातून पोरांना भलतेच मार्क पडतात!

एक दिवस मास्तर पुन्हा दारात. बाबांनी आधीच हात जोडले. "परत आरडला काय आमचा चेडू?"

"ओरडली," मास्तर म्हणाले. "तेच बोलायला आलोय. आमच्या मंडळाची नटी सोडून गेली. माइक लावायला मंडळाकडे पैसे नाहीत. आता हिला स्टेजवर ओरडायला लावायचं म्हणतो."

मी दाराआड उभी. कान दाराला चिकटलेला!

*

बाबा विचारात पडले. त्या काळी घरातली मुलगी नाटकात पाठवायची म्हणजे चाळभर चर्चा. मास्तरांना वाटलं, आता पैशाचं बोलून टाकावं. ते म्हणाले, "फुकट नाही हं, परब. आम्ही हिला नाईट देऊ."

बाबा ताडकन उभे राहिले. "नाईट? बायल मानसाक नाईट? आमचो मालक एवढो हलकट, पण तो सुद्धा बायकांक नाईट लावणा नाय! सरकाराचो कायदो आसा!"

गिरणीत नाईट म्हणजे रात्रपाळी. मास्तर बिचारे शाळेतले, त्यांना काय कळणार? ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, कायदा कसला त्यात? सगळीच मंडळं देतात. आधीची बाई तर डबल नाईट मागत होती."

"डबल नाईट!" बाबांचा आवाज गेला वर. "उभ्यान झोपतली ती पोरगी!"

दोघंही लाल. बाबा युनियनची भाषा बोलायला लागले, मास्तर कलेची. शेवटी आत्या मधे पडली. "मास्तरांनु, तुमची नाईट म्हणजे नेमका काय, ता आधी सांगा बघू."

"एका प्रयोगाचे जे पैसे देतात ना, त्याला आम्ही नाटकवाले नाईट म्हणतो."

बाबा खाली बसले. "मगे पैसे म्हणा ना वो!"

माझा जीव भांड्यात पडला. पण बाबांनी अटी घातल्या. एक, सोबत आत्या जाईल. दुसरी, हे सगळं मॅट्रिकचा निकाल लागेपर्यंत. पुढे पास झाली तर नोकरी, नापास झाली तर लग्न. यात नाटक कुठेच नव्हतं! पण मी मान डोलवली. निकालाला वर्ष होतं, आणि सोळाव्या वर्षी वर्ष म्हणजे जन्म वाटतो. बाबा मात्र तेव्हापासून माझ्या प्रयोगाला शिफ्टच म्हणायला लागले. कामावरून आले की विचारायचे, "काय गो, येत्या ऐतवारी शिफ्ट खंय?"

*

आमच्या तालमी म्युन्सिपाल्टीच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात व्हायच्या. बाकं एवढीशी. हिरो होते गुप्ते, बँकेत क्लार्क, दिसायला झकास, पण पाठांतराच्या नावानं बोंब. नाटक घरगुती. मी श्रीमंत वकिलाची मुलगी, ते गरीब मास्तर, आणि आमचं प्रेम.

आत्या कोपऱ्यातल्या बाकावर पाय वर घेऊन बसे. गुप्ते म्हणाले, "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही!" की कोपऱ्यातून आवाज येई, "मगे बापाशीकडे येवन मागणी घाल ना रे! चेडवाक कित्या सांगतस?"

गुप्त्यांना घाम फुटायचा. हात धरायचा प्रसंग आला की आत्या असं खाकरायची, की गुप्ते माझा हात धरायच्या ऐवजी बाकाचा कोपरा धरून प्रेम व्यक्त करायचे. मास्तरांनी डोकं चालवलं. माणूस रिकामा बसला की बोलतो, म्हणून त्यांनी आत्याला काम दिलं. तिला प्रॉम्प्टर केलं! विंगेत बसायचं, नाटकाची वही धरायची, आणि कुणी अडलं की हळूच पुढचं वाक्य सांगायचं.

आत्याला वाचन म्हणजे पोथी एवढंच ठाऊक. तिनं नाटकाच्या वहीला आधी हळदकुंकू लावलं, आणि मग पोथीच्या चालीवर सांगायला लागली. गुप्त्यांचं तर सगळं भाषण तिच्यावरच चालायचं. त्यामुळे आमचा हिरो हिरॉईनला हरिविजय ऐकवतोय, असं वाटायचं.

पहिला प्रयोग मुलुंडला. बाग, चांदणं, मी लाजून उभी. गुप्ते म्हणाले, "तुझ्या ओठांवरचं हे हसू..." आणि थांबले. पुढचं गायब. ते हळूहळू सरकत विंगेपाशी गेले. विंगेतून आवाज नाही. "आत्या, पुढे?" ते पुटपुटले.

आत्यानं पुढचं वाचलं होतं, आणि वाचून वही मिटली होती. "असला काय मी सांगूचंय नाय!" ती म्हणाली. आमच्या घराण्याचा आवाज तो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तू आपलो फुडच्या पानार जा!"

वकीलसाहेब लग्नाला होकार देतात ते अगदी शेवटच्या पानावर. गुप्ते घाबरून एकदम तिथेच गेले. मग काय, प्रेम राहिलं बाजूला आणि लग्न ठरलं! नाटक भराभर संपलं. बाहेर पडताना एक आजोबा मास्तरांना म्हणाले, "हल्लीच्या नाटकांत उगाच लांबण लावतात. तुमचं बरं, मुद्द्याचं होतं."

*

बोरिवलीचा प्रयोग मोकळ्या माळावर झाला. तेव्हा बोरिवली म्हणजे खेडंच! वीज नव्हती, स्टेजवर दोन पेट्रोमॅक्स, आणि त्यांच्याभोवती सगळ्या ठाणे जिल्ह्याचे किडे.

गुप्त्यांचं वाक्य होतं, "तू आलीस, आणि माझ्या आयुष्यातला अंधार गेला." त्यांनी "अंधार" म्हणताना एवढा मोठा आ केला, की एक किडा सरळ आत! गुप्ते डोळे वटारून गप्प. मी घाबरले. आत्याला वाटलं वाक्य विसरले, तिनं विंगेतून सांगितलं, "गेला! गेला!"

"हो," गुप्ते गिळून म्हणाले, "आत गेला!"

*

आता साडीचं. वकिलाची मुलगी म्हटल्यावर अंगावर रेशमी साडी पाहिजे. आमच्या घरी रेशमी म्हणजे आईचा शालू, आणि तो ज्या ट्रंकेत होता ती ट्रंक सावकाराकडे. मंडळाकडे एक साडी होती, तिला वाळवी लागलेली. शेवटी समोरच्या जशोदाबेननी आपली साडी दिली. अंजिरी रंगाची, जरीच्या काठाची. फार मोठं मन! फक्त ती साडी डोळ्यांआड होऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. साडीबरोबर त्याही आल्या आणि पहिल्या रांगेत मधोमध बसल्या.

दुसऱ्या अंकात वडील लग्नाला नाही म्हणतात आणि मी "बाबा!" अशी किंकाळी फोडून जमिनीवर कोसळते. हा माझा सगळ्यात मोठा प्रसंग. मी किंकाळी फोडली. हात वर केले. गुडघे वाकवले...

"अरे मंगल! नीचे नहीं! साडी छे!"

जशोदाबेन उभ्या राहिल्या होत्या. मी अर्ध्यात वाकलेली. खाली स्टेजची धूळ आणि एक वर आलेला खिळा. करू काय? मी उठले. पदर सावरला, निऱ्या नीट केल्या, बाजूची खुर्ची ओढली, ती हातानं झटकली, बसले, आणि मग बेशुद्ध पडले.

लोक हसतील म्हणून डोळे घट्ट मिटून घेतले होते. कुणी हसलं नाही! शेवटी अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "विशेष कौतुक नायिकेचं. बेशुद्ध पडण्यातसुद्धा केवढा संयम! चांगल्या घरची मुलगी कशी असावी, ते दिसलं."

बाबांना मी हे घरी सांगितलं. त्यांनी "चांगल्या घरची" हे दोन वेळा म्हणवून घेतलं माझ्याकडून.

*

भूक हा एक वेगळाच विषय. प्रयोगाच्या दिवशी मला सकाळपासून जेवण जायचं नाही, आणि मेकअप चढला रे चढला की अशी भूक लागायची की खुर्चीचा हात खावा. तिसऱ्या अंकात मी रुसून ताट सारते आणि म्हणते, "मला भूक नाही." तालमीत ताट रिकामंच असे, त्यामुळे सारायला सोपं.

पण घाटकोपरच्याच एका गणेशोत्सवात आमचा प्रयोग झाला, आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी हौसेनं ताटात खरी जिलबी ठेवली. गरम, अजून पाक सुटत होता! मी ताट हातात घेतलं. सारायचं होतं. हात सरेना.

"मला भूक नाही," मी म्हटलं, आणि एक जिलबी तोंडात टाकली.

विंगेतून मास्तरांचे हातवारे चालू झाले, ताट सार, ताट सार! मी दुसरी उचलली. आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "भूक नाही... पण अन्नाचा अपमान करू नये, असं आई सांगायची!" आणि हुंदके देत अख्खं ताट संपवलं.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या पडल्या. नंतर मास्तरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "ते वाक्य कुणी घातलं?"

"जिलबीनं," मी म्हटलं.

मास्तरांनी ते वाक्य नाटकात कायमचं ठेवलं. जिलबी मात्र पुढच्या प्रयोगापासून बंद केली.

*

उन्हाळ्याच्या सुट्टीत गुप्त्यांनी बातमी आणली, की अंधेरीच्या एका स्टुडिओत सिनेमाला गर्दीतली माणसं पाहिजेत, एक्स्ट्रा म्हणून. मी उडालेच! सिनेमा म्हणजे काय! दोन वेण्या घातल्या, जशोदाबेनकडून स्नो आणून तोंडाला लावला, आणि आत्याला घेऊन दादरला गाडी बदलून अंधेरीला गेले.

फाटकात शंभरेक माणसं उभी. असिस्टंट डायरेक्टर आला, आमच्यासमोर थांबला. मी हनुवटी वर केली. तो माझ्याकडे बघतोय असं वाटलं, पण त्याचं बोट पलीकडे गेलं. "ये चेहरा चाहिए."

आत्या! आत्याचा क्लोजअप!

प्रसंग असा, की म्हातारीचा मुलगा मेलाय आणि तिनं एकदाच "बेटा!" म्हणून रडायचं. आत्याला सगळं समजावलं. दिवे लागले, कॅमेरा फिरला. आता आमच्याकडे गावात कुणी गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाचे गुण सांगत, एकेका नातेवाइकाचं नाव घेत, सुरात रडतात. आत्यानं कपाळावर हात मारला आणि सुरू केलं, "अरे माझ्या झिला रेऽऽ, तुका माशाची कढी आवडा रेऽऽ..."

"कट!" डायरेक्टर म्हणाला.

आत्या थांबायलाच तयार नाही. मुलाची शाळा झाली, त्याची म्हैस झाली, चुलते झाले. "कट! कट! माताजी, हो गया!" डायरेक्टर ओरडत होता. आत्यानं एक डोळा उघडला. "गप रवा हो! रडणा अर्ध्यार सोडतत काय खंय? अजून तेच्या मामाकडची मानसां रवली हत!"

वरच्या माच्यावर दिवा धरणारा राजापूरचा निघाला. तो शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होता. मामाकडची माणसं संपेपर्यंत सगळा स्टुडिओ उभा राहिला. डायरेक्टरनं हळूच मला विचारलं, "इनका बेटा सचमुच गुजर गया क्या?"

"नहीं साहब," मी म्हटलं. "इनको बेटाच नहीं हुआ."

आत्यानं नाक शिंकरलं, चहा मागितला, दोन कप प्यायली. पुढे तो सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळी चाळ घेऊन बघायला गेलो. आत्याचा चेहरा कापला होता, कपाळावर मारलेला हात तेवढा दिसला. आत्या म्हणाली, "हात पण बरो इलो हा."

*

बघता बघता निकाल आला तोंडावर. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी विचार करी, पास झाले तरी नाटक संपलं, नापास झाले तरी संपलं. देवाकडे मागायचं तरी काय?

मंडळात त्यावर मीटिंगच बसली. त्यांनाही नवी नटी कुठून मिळणार? गुप्ते म्हणाले, "नापास झाली तर बरं. ऑक्टोबरला परत बसेल, तेवढाच वेळ मिळेल." मास्तर भडकले. "मी शिक्षक आहे, गुप्ते! माझ्यासमोर असलं बोलू नका!" मग हळूच म्हणाले, "एकाच विषयात गेली तर चालेल."

आत्या म्हणाली, "तुमी शिकलेली मानसां नुसती बोलतास. हे असा सुटणार नाय. गाऱ्हाणा घालूक व्हया."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणात देवाला सगळ्यांनी मिळून घातलेलं साकडं. एकजण मागतो, बाकीचे "होय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देतात. आत्यानं पिशवीतून नारळ काढला, आणि पहिलीच्या वर्गात, फळ्यावरच्या बाराखडीखाली सगळ्यांना हात जोडून उभं केलं. बँकेतले गुप्ते, रेल्वेतले जोशी, पोस्टातले दोघे, आणि कधी देवळात न जाणारे आमचे मास्तर.

"बा देवा म्हाराजा! ही मंगल तुझा लेकरू..."

"होय म्हाराजा!"

"तेका तू पास कर..."

"होय म्हाराजा!"

"पन नोकरी मिळाक जरा उशीर कर..."

"होय म्हाराजा!" गुप्ते सगळ्यांत जोरात.

"लग्नाची स्थळा येतली, ती खंयच्या खंय भायरच्या भायर परतव..."

"होय म्हाराजा!"

"आनि माझ्या भावाच्या डोक्यात उजेड पाड, म्हंजे तो पोरीचा नाटक बंद करूचो नाय!"

"होय म्हाराजा!"

हा शेवटचा आवाज दारातून आला. सगळे वळले. दारात बाबा! शिफ्ट लवकर सुटली म्हणून आम्हाला न्यायला आले होते. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं कानावर आलं, हात आपोआप जुळले, आणि तोंडून निघून गेलं. सगळा वर्ग पुतळा. मी तर मेलेच.

बाबांनी हात खाली घेतले. "काय मागलास गो?" त्यांनी आत्याला विचारलं.

आत्यानं नारळ फोडला. "पोरगी पास होवंदे म्हटलंय," ती म्हणाली, आणि बाबांच्या हातावर खोबरं ठेवलं.

*

मी पास झाले. हुश्श! बाबांनी चाळीत पेढे वाटले. मास्तरांनी मला मिठीच मारली असती, पण आत्या शेजारी होती. त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "निकाल लागलो. आता शब्द तो शब्द. जो प्रयोग ठरलो हा तो कर, आनि बस कर."

मी रडले, दोन दिवस जेवले नाही. आई बाबांशी भांडली, आत्या भांडली. बाबा गप्प. चांगल्या स्वभावाचा माणूस गप्प बसला ना, की त्याच्यापुढे काही चालत नाही.

शेवटचा प्रयोग मास्तरांनी स्वतः लिहिलेल्या नाटकाचा होता. त्यात नायिकेला क्षय होतो आणि शेवटी ती मरते. मास्तरांचं म्हणणं, लोकांना रडवलं की हॉल भरतो. तालमीत ते मला मरायला शिकवत, "हळू मर, मंगल. घाई काय आहे? मागच्या रांगेलाही कळू दे." गंमतच वाटायची तेव्हा. खोकायचं, उशीवर मान टाकायची, आणि पडदा पडेपर्यंत श्वास रोखायचा.

रविवारी दुपारचा प्रयोग, घाटकोपरच्याच शाळेच्या हॉलमध्ये. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, तर तिसऱ्या रांगेत बाबा! इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, शेजारी बाळ्या. एवढ्या दिवसांत ते कधी माझ्या नाटकाला आले नव्हते. शेवटचं म्हणून आले असतील, असं मनात आलं. आत्याला म्हटलं, "आत्या, बाबा आलेत." आत्या म्हणाली, "येवंदे. तू तुझा काम कर."

मी काम केलं. खरं सांगते, तसं काम मी पुढे कधी केलं नाही. शेवटच्या अंकात मला रडू येत होतं ते काही क्षयानं नव्हे. मनात एकच, की आता हा पडदा पडला की संपलं, उद्यापासून टायपिंगचा क्लास. मी खोकले, गुप्त्यांचा हात धरला, आणि आत्या खाकरली नाही. उशीवर मान टाकली. मग कुणाची तरी खुर्ची जोरात सरकली.

पडदा पडला, पुन्हा वर गेला, आम्ही नमस्काराला उभे राहिलो. टाळ्या थांबत नव्हत्या. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. बाळ्या एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होता, बाजूची खुर्ची रिकामी.

वाट लागली! बाबा रागावून उठून गेले! मी तशीच, पांढराफटक मेकअप, डोळ्यांखाली काजळाची काळी वर्तुळं, मोकळे केस, मागच्या दारानं धावले.

बाबा शाळेच्या मागच्या पायरीवर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, सदऱ्याची बाही ओली. मला बघितलं आणि उठून उभे राहिले. पुढे येऊन त्यांनी अंगठ्यानं माझ्या डोळ्यांखालचं काजळ पुसलं. एका डोळ्याखालचं, मग दुसऱ्या. नीट, सगळं जाईपर्यंत.

तेवढ्यात मास्तर धावत आले, मागे आत्या, मागे गुप्ते. मास्तरांना वाटलं आता भांडण होणार. ते चाचरत म्हणाले, "परब, अहो... कसं वाटलं नाटक?"

बाबांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली.

"नाटक बरा आसा, मास्तर," ते म्हणाले. "पन फुडच्या नाटकात हिका मारू नकात."